विशाखापट्टणमचे चार दिवस, आईबाबांना घेऊन

विशाखापट्टणमचं खूळ मूळ बाबांचं. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आयुष्य सगळं इंजिनांत गेलं, आणि तिकडे समुद्रकिनाऱ्यावर खरीखुरी पाणबुडी उभी केलीय आणि आत जाऊन बघता येते हे त्यांनी कुठेतरी वाचलं तेव्हापासून वर्षातून एकदा तरी विषय निघायचाच. आईचे गुडघे, मुलाची शाळा, आमच्या रजा, काही ना काही आडवं यायचं. यंदा जानेवारीत म्हटलं आता नाही तर कधीच नाही, आणि पाच तिकिटं काढून टाकली. आई, बाबा, आम्ही दोघं आणि चौथीतला आमचा मुलगा.

रविवार, गाडीतला दिवस

विमानाने पटकन झालं असतं पण बाबांना रेल्वेच हवी होती, आणि आईला विमानात कानाला त्रास होतो, म्हणून कुर्ल्याच्या टर्मिनसवरून सकाळची विशाखापट्टणम एक्स्प्रेस. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पोळीचे लाडू असं दोन दिवसांचं बांधून घेतलं होतं आणि ते सोलापूरच्या आधीच निम्मं संपलं कारण समोरच्या बर्थवरचं तेलुगू कुटुंबही आमच्यात आलं, त्यांची चिंचेची चटणी आमच्या दशमीबरोबर इतकी छान लागली की आईने त्यांच्याकडून खुणांनी कृती विचारून घेतली, त्या बाईंना मराठी नाही आईला तेलुगू नाही, तरी दोघी अर्धा तास बोलत होत्या.

सोमवार सकाळी मला जाग आली ती बाबांच्या हाकेने. "उठा, गोदावरी आली." राजमहेंद्रीचा पूल. सूर्य नुकताच वर येत होता आणि खाली पाणी, पाणी आणि पाणी, गाडी चालतेय चालतेय आणि पलीकडचा काठ काही येत नाही. आम्ही त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात पाय धुतलेत, नाशकात रामकुंडावर उभं राहिलोय, तिथली गोदावरी आपल्या घरातल्या माणसासारखी वाटते, आणि इथे तीच नदी समुद्राला मिळायच्या तयारीत पावणेतीन किलोमीटरच्या पुलाखाली पसरलेली. आईने हात जोडले. मुलाने विचारलं, आजी ही आपलीच का गं गोदावरी, तर ती म्हणाली हो आपलीच, पण आता यांचीही.

सोमवार

उतरलो तेव्हा दुपार व्हायला आलेली, ऊन जानेवारीतही चांगलंच लागत होतं, पण समुद्राचा वारा होता त्यामुळे सुसह्य. हॉटेलने फोनवर समुद्राकडची खोली कबूल केली होती आणि दिली मागच्या गल्लीकडची, खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. मी बोलले त्यांना स्पष्ट, आईबाबांना दिवसभर फिरवत नाही आम्ही, अर्धा वेळ ते खोलीतच बसणार, त्यांच्यासाठीच तर समुद्र हवा होता. शेवटी आईबाबांची एक खोली बदलून दिली, आमची नाही. चाललं आम्हाला.

जेवून लगेच पाणबुडीकडे निघालो तर रिसेप्शनवरच कळलं की सोमवारी बंद असते. बाबा काही बोलले नाहीत पण चेहरा पडला. तुम्ही जाणार असाल तर हे आधी लक्षात ठेवा, सोमवार टाळा, आणि इतर दिवशीही आम्ही होतो तेव्हा दुपारी दोननंतरच आत सोडत होते.

मग नुसतेच रामकृष्ण बीचवर गेलो, सगळे आरके बीच म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट इथे सारखी चुकल्यासारखी वाटते, समुद्र पूर्वेला आहे. संध्याकाळी आपण सवयीने समुद्राकडे तोंड करून बसतो आणि सूर्य आपल्या पाठीमागे शहरात, टेकड्यांमागे मावळतो. आणि लवकर मावळतो, पावणेसहाला तर अंधारून आलं, मुंबईत तेव्हा अजून उन्हं असतात. लाटा इथे जोरात येतात आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेतात, पोहण्यासाठी हा किनारा धोक्याचा आहे, बोर्डही आहेत, शिट्ट्या मारणारे गार्डही आहेत, तरी लोक लहान मुलांना कमरेएवढ्या पाण्यात नेतात ते बघून माझा जीव वरखाली होत होता. आम्ही घोट्यापर्यंतच.

किनाऱ्यावर मुरी मिक्स्चर नावाचा प्रकार मिळतो, कुरमुरे, कांदा, टोमॅटो, दाणे, लिंबू, कोथिंबीर. आई दुसऱ्या घासाला म्हणाली, ही आपली चिंचेशिवायची भेळच की.

मंगळवार

बोर्रा गुहांचा दिवस. पहाटे उठून स्टेशन, किरंदुलला जाणारी पॅसेंजर, तिला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा लावतात, त्याचं रिझर्वेशन फार आधी करावं लागतं, आम्हाला मिळालं. हा कोत्तवलसा ते किरंदुल मार्ग म्हणजे बाबांच्या दृष्टीने अर्धी ट्रिप. 1960 च्या दशकात बांधलेला, छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या डोंगरातलं लोहखनिज विशाखापट्टणम बंदरात आणून जपानला पाठवायचं म्हणून, आणि सगळा पूर्व घाट चढत जाणारा. पन्नासच्या वर बोगदे आहेत. मुलाने वहीत रेघा ओढून मोजायला घेतले, मध्ये इडली आली आणि मोजणी बोंबलली. समोरून खनिजाने भरलेल्या मालगाड्या उतरत होत्या, डब्यांवर लाल धूळ, एक संपायला इतका वेळ लागायचा की मुलगा कंटाळून परत इडलीकडे वळायचा, पण बाबा प्रत्येक गाडीला उभे राहून शेवटच्या डब्यापर्यंत बघायचे. म्हणाले भरलेली गाडी चढवणं सोपं, भरलेली उतरवणं अवघड, सगळा खेळ ब्रेकचा. चाळीस वर्षं ज्या माणसाने ब्रेक दुरुस्त केले त्याच्याकडून हे ऐकताना छान वाटलं.

बोर्रा गुहालु नावाचं स्टेशनच आहे. तिथे आमची ठरवलेली टॅक्सी येऊन थांबली होती. गुहेच्या आत भरपूर पायऱ्या, मी आईला म्हटलं तू वरच बस, तर ती म्हणाली एवढी आलेय तर पहिल्या कठड्यापर्यंत तरी येते. ड्रायव्हर स्वतःहून आत आला आणि तिचा हात धरून एकेक पायरी उतरवत "मेल्लगा अम्मा, मेल्लगा" म्हणत राहिला. मेल्लगा म्हणजे हळूहळू. पुढचे तीन दिवस आमच्या घरात तोच एक शब्द चालू होता.

आत गेल्यावर मात्र काय बोलावं. आपल्याकडे लेणी म्हणजे माणसाने छिन्नीने कोरलेली, अजिंठा घ्या वेरूळ घ्या कार्ले घ्या, आपला दगड काळा कातळ, तो पाण्याने असा विरघळत नाही. इथे चुनखडीचा डोंगर आहे आणि सगळं काम पाण्याने केलंय. मुलगा ओरडला, हे तर पुस्तकातले लवणस्तंभ! छतातून खाली लोंबणारे आणि जमिनीतून वर येणारे, काही ठिकाणी दोन्ही भेटून अखंड खांब झालेले. एका लोंबत्या टोकाला पाण्याचा थेंब धरलेला होता. आम्ही दोघं तो पडायची वाट बघत उभे राहिलो. जाड झाला, लांब झाला, थरथरला, तरी पडेना, मागून लोक ढकलत होते तरी मी हलले नाही, आणि शेवटी टप्पकन खालच्या ओल्या दगडावर पडला. तो दगड वर वर येतोय तो अशाच थेंबांतल्या चुन्याने, एकेका थेंबातून उरेल तेवढा. मुलगा म्हणाला, मग हा आपण उद्या आलो तरी एवढाच असणार? हो, आणि तुझी नातवंडं आली तरी जवळपास एवढाच.

गुहेच्या छताला एक मोठं भोक आहे त्यातून उजेडाचा झोत आत येतो. गावातली गोष्ट अशी की एक गाय चरता चरता त्या भोकातून खाली पडली, गुराखी तिला शोधत आत आला तर गाय धडधाकट आणि शेजारी शिवलिंगासारखा दगड. गुहेतून जी नदी वाहते तिचं नाव गोस्तनी, गायीचं स्तन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पुढचं अराकूचं डोंगराळ खोरं धावतं पाहिलं. कॉफीच्या बागा मात्र आवडल्या, उंच झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं आणि त्याच उंच झाडांवर चढलेले मिरीचे वेल, इथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं अधिकृत मानांकन, मिळालंय. नवऱ्याने बांबूत भाजलेलं चिकन खाल्लं आणि परतीच्या घाटात सगळा वेळ त्याचंच कौतुक.

बुधवार

सकाळी सिंहाचलम. वराह नरसिंहाचं देऊळ, डोंगरावर, आणि इथली मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपात असते, उग्र देवाला थंडावा म्हणून. लेप इतका जाड असतो की मूर्तीचा आकार दिसतच नाही, शिवपिंडीसारखं काहीतरी दिसतं. फक्त अक्षय्य तृतीयेला चंदन उतरवतात आणि त्या एका दिवशी देवाचं निजरूप दिसतं. मला वाटलं आईला हिरमुसल्यासारखं होईल, एवढ्या लांब येऊन देव दिसलाच नाही म्हणून, तर ती म्हणाली असू दे, थंड झोपलाय, कशाला उठवायचं. मंडपात कप्पस्तंभ म्हणून खांब आहे, त्याला मिठी मारून इच्छा मागायची. आईने मारली. काय मागितलं ते सांगितलं नाही. कृष्णदेवरायही इथे येऊन गेलाय, 1516 आणि 1519 चे त्याचे शिलालेख आहेत.

आणि दुपारी दोन वाजता, आम्ही पाणबुडीच्या रांगेत पहिले.

आयएनएस कुरसुरा. सोव्हिएत बनावटीची, 18 डिसेंबर 1969 ला आपल्या नौदलात आली, 1971 च्या युद्धात गस्तीवर होती, 31 वर्षं नोकरी करून फेब्रुवारी 2001 मध्ये निवृत्त झाली आणि 2002 पासून वाळूवर उभी आहे. लांबी 91 मीटरच्या वर. बाहेरून बघताना ती प्रचंड वाटते आणि आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न पडतो, एवढ्या जागेत पंच्याहत्तर माणसं कशी राहत होती? कारण ती लांबी सगळी यंत्रांनीच खाल्लेली आहे. माणसासाठी उरलाय तो मधला बोळ, आपल्या चाळीतल्या मोरीइतका रुंद. दोन्ही बाजूंना पाईप, व्हॉल्व्हची चाकं, घड्याळांसारखी मीटरं, डोक्यावर पण तेच.

एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकासारखी दारं, आधी एक पाय टाकायचा, मग वाकून डोकं, मग दुसरा पाय. बाबांना गाईड म्हणाले तुम्हाला जमेल ना, गाईड स्वतः नौदलातून रिटायर झालेले, पाणबुडीवर काम केलेले. बाबा नुसते हसले आणि पहिल्या दारातून असे गेले की मी बघतच राहिले, ज्या माणसाला घरी पाटावर बसायला भिंत लागते.

पुढच्या कप्प्यात टॉर्पेडोच्या नळ्या, पुढे सहा आणि मागे चार, एकूण बावीस टॉर्पेडो नेता यायचे. आणि त्यांच्या शेजारी, वर, अक्षरशः टॉर्पेडोला लागून खलाशांच्या झोपायच्या फळ्या. गाईडनी सांगितलं की गोडं पाणी इतकं जपून वापरायचं की दिवसेंदिवस अंघोळ नसायची. दिवस आहे का रात्र तेही घड्याळावरूनच कळायचं. आईने विचारलं, आणि स्वयंपाक? तर एक एवढंसं स्वयंपाकघर दाखवलं, आमच्या फ्रीजच्या मागे जेवढी जागा आहे तेवढं. आई तिथे बराच वेळ थांबली. म्हणाली, पंच्याहत्तर माणसांचा रांधायचा ह्यात? आणि धूर? वास? बाबा तोवर डिझेल इंजिनांच्या कप्प्यात पोचले होते आणि गाईडशी त्यांचं असं जुळलं की मागची माणसं आम्हाला ओलांडून पुढे गेली. वरती असताना डिझेलवर चालायचं आणि बॅटऱ्या भरून घ्यायच्या, पाण्याखाली गेलं की डिझेल बंद आणि बॅटरीवर मोटर, कारण इंजिनाला हवा लागते आणि खाली हवा माणसांनाच पुरवून वापरायची. बाबांनी निघताना त्या गार इंजिनावर तळहात ठेवला, थोपटल्यासारखं केलं.

बाहेर आल्यावर समोरच थोड्या अंतरावर 1971 च्या विजयाचं स्मारक आहे. तिथे आईला मी गाझीबद्दल सांगितलं. पाकिस्तानची गाझी पाणबुडी आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या मागावर इथवर आली होती, विक्रांतला आधीच अंदमानकडे हलवलं होतं, आणि 3 डिसेंबरच्या रात्री ती ह्याच बंदराच्या तोंडाशी बुडाली. आपलं म्हणणं राजपूत युद्धनौकेने टाकलेल्या स्फोटकांनी, त्यांचं म्हणणं आतल्याच स्फोटाने. 93 माणसं होती. अजूनही तिथेच तळाशी आहे.

आई तेव्हा दहा वर्षांची होती, दादरला चाळीत. तिने हे मला याआधी कधी एवढं सांगितलं नव्हतं. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, भोंगा झाला की सगळ्या चाळीतले दिवे एकदम बंद, आणि खालून कोणीतरी ओरडायचं की तिसऱ्या मजल्यावर उजेड दिसतोय. तिला अंधाराची भीती वाटायची म्हणून तिची आजी तिचा हात धरून बसायची आणि हळू आवाजात रामरक्षा म्हणायची, मोठ्याने म्हटली तर विमानाला ऐकू जाईल असं आईला वाटायचं. हे सगळं सांगून ती समुद्राकडे बघत म्हणाली, म्हणजे मी तिकडे अंधारात होते तेव्हा हे ह्या डब्यात होते. आणि मग थोड्या वेळाने, त्या गाझीवाल्यांच्या पण आया असतीलच रे.

मुलगा गप्पच होता. एरवी तो गप्प बसत नाही.

रस्त्यापलीकडे टीयू-142 या नौदलाच्या गस्ती विमानाचं म्युझियम आहे, तेही पाहिलं, 29 वर्षांत तीस हजार तास उडालं आणि एकही अपघात नाही. चांगलंच आहे, पण माझं मन अजून त्या बोळातच होतं.

गुरुवार

पहाटे सगळे बीचवर. सकाळी तो रस्ता गाड्यांना बंद असतो आणि सगळं शहर चालायला बाहेर पडतं, म्हातारी माणसं, पोरं, बॅडमिंटन खेळणाऱ्या बायका. साडेसहाच्या सुमाराला समुद्रातून सूर्य वर आला. सूर्य पाण्यात जाताना आयुष्यभर बघितलाय, पाण्यातून निघताना पहिल्यांदा. बाबांनी चप्पल काढली.

मग भीमिली या किनाऱ्यावरच्या जुन्या गावाच्या रस्त्याने. वाटेत तोट्लकोंडा, टेकडीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार, 1976 मध्ये नौदल तळासाठी पाहणी करत होतं तेव्हा सापडला. तोट्लू म्हणजे पाण्याची टाकी, कोंडा म्हणजे टेकडी. कातळात खोदलेली ती टाकी पाहून नवरा थक्क झाला, सह्याद्रीत जेवढे किल्ले चढलाय तिथे सगळीकडे असंच टाकं बघितलंय त्याने. विटांचे चौथरे, खोल्यांच्या ओळी, गोल स्तूपाची जोती आणि पुढ्यात आख्खा समुद्र. आमच्याशिवाय कोणी नव्हतं. सगळ्यात शांत जागा ही, आणि सगळ्यात कमी वेळ दिला आम्ही तिला, ह्याची हळहळ अजून आहे.

लाल मातीची टेकाडं, एर्र मट्टी दिब्बलु, पाहिली, कोकणातल्या मातीसारखा रंग पण वाळू, पावसाने चिरून घळी घळी झालेली. आणि भीमिलीला डच लोकांची जुनी दफनभूमी. पण भीमिलीत खरी गोष्ट वेगळीच झाली, ड्रायव्हर एका ठिकाणी थांबून म्हणाला इथे नदी समुद्राला मिळते. कुठली नदी? गोस्तनी! मंगळवारी जिला आम्ही गुहेच्या अंधारात, दगडांतून झिरपताना पाहिलं होतं तीच. मुलगा धावत पाण्यापर्यंत गेला आणि ओंजळ भरून घेतली. म्हणाला आजोबा, आपला थेंब आला असेल का? बाबा म्हणाले तो दगडातच राहिला असेल बहुतेक, पण बाकीचे आले.

संध्याकाळी जुन्या शहरात बंदराच्या टेकड्यांवर. तीन टेकड्या शेजारी शेजारी, एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर व्यंकटेश्वराचं देऊळ. वरून बंदरात शिरायचा अरुंद मार्ग दिसतो आणि त्याच्यावर डॉल्फिन्स नोजचा डोंगर. ड्रायव्हर पलीकडच्या वस्तीकडे बोट दाखवून म्हणाला, सिंधिया. बाबा एकदम सरसावून बसले. ते नाव सिंधिया कंपनीच्या जहाज कारखान्यावरून पडलेलं, आणि तो काढला आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, 21 जून 1941 ला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पायाभरणी, आणि 1948 मध्ये तिथलं पहिलं जहाज जलउषा पाण्यात सोडलं ते नेहरूंनी. इंग्रजांच्या राज्यात, युद्ध चालू असताना, हिंदुस्थानी माणसाने जहाज बांधायचा कारखाना काढायचा! बाबांनी हे ड्रायव्हरला मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. त्याला कारखाना माहीत होता, सोलापूर नव्हतं. आता आहे.

रात्रीची गाडी. मुलगा बर्थवर पडताक्षणी झोपला. गोदावरी आली तेव्हा रात्रीचे अडीच-तीन झाले असतील, पुलावर चाकांचा आवाज बदलतो त्यावरून मला कळलं. आईला उठवावं का म्हणून पडदा सरकवला तर ती आधीच उठून बसलेली, खिडकीच्या काचेला हात लावून बाहेर बघत होती. बाहेर मिट्ट काळोख होता, पाणी दिसत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले, पूल संपेपर्यंत.